विरघळणारी परांची

2014च्या पावसाळ्यात मामांची अँजिओग्राफी झाली आणि दुसऱ्याच दिवशी अँजिओप्लास्टी ठरली. डॉक्टरांनी पॅडवर नस काढून ब्लॉकेज कुठे आहे ते दाखवलं, स्टेंटचे, म्हणजे नस आतून उघडी धरणाऱ्या जाळीदार नळीचे, पर्याय सांगितले आणि जाता जाता म्हणाले, "आता तो विरघळणारापण मिळतो." ते बाहेर गेल्यावर मामा माझ्याकडे वळले. "अरे, प्लॅस्टिकमधलं तुला कळतं ना? विरघळणारा म्हणजे साखरेसारखा? मग विरघळल्यावर नस परत बसली तर?"

"टाके नाही का विरघळत, मामा? तसंच," असं मी ठोकून दिलं.

मामांचा प्रश्न बरोबर होता आणि माझं उत्तर चुकीचं, हे कळायला मला तीन वर्षं लागली. त्यांची नस अडीच मिलिमीटरच्या आसपासची, म्हणून डॉक्टरांनी धातूचाच स्टेंट घातला आणि विषय तिथे मिटला. पण त्या विरघळणाऱ्या स्टेंटचं पुढे काय होतंय, ते मी वाचत राहिलो. नाव ॲब्सॉर्ब, कंपनी ॲबट. युरोपात 2011 मध्ये मान्यता, भारतात 2012च्या अखेरीस विक्री, अमेरिकेत 5 जुलै 2016ला मान्यता आणि सप्टेंबर 2017 मध्ये जगभरातली विक्री बंद. अमेरिकेतला संसार जेमतेम 14 महिन्यांचा. शरीरात विरून जाणाऱ्या पॉलिमरबद्दल, म्हणजे लांब साखळ्यांच्या रेणूंनी बनलेल्या प्लॅस्टिकसारख्या पदार्थाबद्दल, शिकायचं तर याहून चांगलं प्रकरण मला ठाऊक नाही. पदार्थाने कुठे दगा दिला आणि कुठे तो उगाच बदनाम झाला, दोन्ही इथे मोजून ठेवलेलं आहे. मी डॉक्टर नाही, पॉलिमर प्रोसेसिंगमधला आहे. तेव्हा वाचताना माझा कल मशिनकडे जाणार, हे धरून चालावं.

सेंट्रिंग कधी काढायचं

कंपनीने 'स्टेंट' हा शब्द मुद्दाम टाळला आणि 'स्कॅफोल्ड' म्हटलं. आपल्या बांधकामावरची परांची. काम होईपर्यंत लावायची, मग उतरवायची. मला स्लॅबखालच्या सेंट्रिंगची उपमा जास्त जवळची वाटते. सेंट्रिंग लवकर काढलं तर स्लॅब खचतो, आणि काढायचंच राहिलं तर त्या घरात राहता येत नाही.

फुग्याने नस उघडली की ती दोन कारणांनी पुन्हा बारीक होऊ पाहते. एक तर रबरासारखी लगेच आकसते, आणि नंतर जखम भरताना आतून पेशी वाढतात. या दोन्हींचा जोर पहिल्या काही महिन्यांतला. तेवढा काळ आधार दिला की नस सावरते. त्यानंतर धातूचा पिंजरा आयुष्यभर तिथेच राहतो. त्या जागी नस गरजेप्रमाणे रुंदावू शकत नाही, पुढे कधी बायपास करायची वेळ आली तर तिथे नवी नळी जोडायला अडचण होते, आणि पहिलं वर्ष सुखरूप गेल्यावरही दर वर्षी साधारण 2 ते 3 टक्के रुग्णांत त्या जागेशी संबंधित काही ना काही उद्भवत राहतं. म्हणून विरघळणारा. कल्पनेत खोट काढायला जागा नाही.

आता टाक्यांचं. पॉलिग्लायकोलिक ॲसिडचा डेक्सॉन हा शरीरात विरणारा पहिला कृत्रिम धागा 1970च्या सुमारास बाजारात आला, व्हिक्रिल त्यानंतर चारेक वर्षांनी. व्हिक्रिल म्हणजे ग्लायकोलाइड 90 आणि लॅक्टाइड 10 या प्रमाणातला पॉलिमर. त्याचा धागा दोन आठवड्यांनी मूळ ताकदीच्या पाऊण हिश्श्यावर येतो, तीन आठवड्यांनी निम्म्यावर, आणि शरीरातून पूर्ण जायला 56 ते 70 दिवस घेतो. ताकद आधी जाते, पदार्थ मागे रेंगाळतो. टाक्यात याने काही बिघडत नाही. चामडीखाली निकामी झालेला धागा महिनाभर पडून राहिला तर कोणाचं काय अडतं? आणि धाग्याला फक्त ताण सोसायचा असतो, तोही मऊ राहून. स्टेंटला चहूबाजूंनी दाबणाऱ्या नसेला आतून अडवून धरायचं असतं, वाहत्या रक्तात उभं राहून. मामांना दिलेल्या उत्तरात मी हाच फरक गिळला होता.

काचेसारखा स्वभाव

ॲब्सॉर्बचा सांगाडा पॉली-एल-लॅक्टाइडचा होता, धंद्यातल्या भाषेत पीएलएलए. थ्रीडी प्रिंटरवाल्यांकडे असते त्या पीएलएच्या रिळीचा हा शुद्ध, वैद्यकीय दर्जाचा भाऊ. दोघांचीही साखळी एस्टर बंधांची. पाणी त्या बंधांवर घाव घालतं, साखळी तुटत तुटत शेवटी लॅक्टिक ॲसिड उरतं. दह्याला आंबटपणा देणारं आणि दमछाक होईतो जिना चढलं की स्नायूंत तयार होणारं तेच हे. शरीराला ते परकं नाही; कार्बन डायऑक्साइड आणि पाणी करून ते त्याची वाट लावतं. ॲब्सॉर्बच्या सगळ्या कहाणीत या बाजूला गालबोट लागलेलं नाही. पीएलएलए विषारी निघालं म्हणून कुठे काही झालं, असं नाही.

अडचण स्वभावाची होती. ज्यांच्याकडे प्रिंटर आहे त्यांनी हे हाताने अनुभवलेलं असतं. जुलैमध्ये पीएलएची रीळ पिशवीबाहेर राहिली की नोझलमधून चुरचुर आवाज येतो, बुडबुडे येतात, आणि कधी कधी सकाळी पाहावं तर रिळीवरची तार हात न लावताच तुकडे होऊन पडलेली असते. दुसरा अनुभव मे महिन्यातला. पीएलएचा मोबाइल होल्डर गाडीच्या डॅशबोर्डवर दुपारभर राहिला की मान टाकतो. हा पदार्थ 60 अंश सेल्सिअसच्या आसपास काचेसारख्या अवस्थेतून मऊ अवस्थेत जातो. माणसाचं शरीर 37 अंशांवर असतं, म्हणजे आत घातलेला पीएलएलए कायम काचेच्या बाजूला. कडक खरा, पण वाकवायला गेलं की मोडणारा.

धातूशी तुलना केली की पंचाईत लक्षात येते. स्टेंटसाठी वापरतात त्या कोबाल्ट-क्रोमियमचा ताठपणा 200 गिगापास्कलच्या वर, पीएलएलएचा तीन-चार. धातू तुटण्याआधी 40 टक्क्यांहून जास्त लांबतो. साधा पीएलएलए दोन ते सहा टक्क्यांत बोलून मोकळा होतो. आणि स्टेंट ही तर मुळात ताणायचीच वस्तू. सव्वा-दीड मिलिमीटरला मिटवून नसेत न्यायची आणि तीन मिलिमीटरला उघडायची.

ताठपणा कमी असेल तर इंजिनिअर काय करतो? जाडी वाढवतो. ॲबटच्याच झायन्स या धातूच्या स्टेंटच्या काड्या 81 मायक्रॉनच्या. ॲब्सॉर्बच्या, वरच्या लेपासकट, 157. रुंदीही वाढवावी लागली. नसेच्या भिंतीचा सुमारे चौथा हिस्सा या काड्यांखाली झाकला जायचा, धातूत त्याच्या निम्मा. पुढचं बरंचसं रामायण या 157 आकड्यात आहे.

बाटलीच्या कारखान्यातली युक्ती

दोन-सहा टक्क्यांत मोडणाऱ्या पदार्थाचा फुगवता येणारा स्टेंट करणं ही मला या प्रकरणातली सगळ्यात मोठी कामगिरी वाटते, आणि तिच्याबद्दल सगळ्यात कमी बोललं गेलं.

याआधी जपानमध्ये केइजी इगाकी आणि हिदेओ तामाई यांनी पीएलएलएचा स्टेंट केला होता. माणसाच्या हृदयाच्या नसेत तो 1998 पासून घातला गेला. त्यांनी ठिसूळपणाला वळसा घातला: फुग्यात गरम केलेलं द्रव भरायचं, पॉलिमर मऊ पडतो आणि स्टेंट आपोआप उघडतो. त्यावर पेशींची वाढ रोखणारं औषध नव्हतं. हृदयाच्या नसेत गरम पाण्याची पिशवी न्यायची, भले काही सेकंद का असेना, हे ऐकूनच अनेकांच्या कपाळावर आठ्या आल्या. हृदयाच्या नसांत ती पद्धत रुळली नाही.

ॲबटने वेगळा मार्ग धरला. सुरुवात दाण्यांपासून. पीएलएलएचे दाणे मशिनमध्ये टाकण्याआधी खडखडीत सुकवावे लागतात. ओल दहा लाख भागांत किती भाग, अशा मापात मोजतात. बाहेर साखळी तोडायला पाण्याला महिने लागतात, 200 अंशांच्या वर वितळलेल्या अवस्थेत मिनिटं पुरतात. पावसाळ्यात कोकणपट्टीच्या शेडमध्ये दाणे भरायच्या हॉपरचं झाकण उघडं टाकून चहाला जाणाऱ्या ऑपरेटरला हे काम देऊ नये. सुकवूनही थोडा रेणुभार, म्हणजे साखळ्यांची लांबी, इथे जातोच, आणि गेलेला परत मिळत नाही. पुढच्या प्रत्येक पायरीला ही वजाबाकी चालू राहते.

मग नळी ओढायची. ओढलेली नळी जवळजवळ अस्फटिकी, म्हणजे आतल्या साखळ्या अस्ताव्यस्त असलेली, आणि ठिसूळ. आता युक्ती. पाण्याच्या बाटलीचा प्रीफॉर्म पाहिला असेल: जाड, परीक्षानळीसारखा. तो गरम करून साच्यात हवेने फुगवला की पातळ तरी चिवट बाटली होते, कारण फुगताना साखळ्या ताणाच्या दिशेने रांगेत बसतात आणि त्यांचे बारीक स्फटिक तयार होतात. ॲब्सॉर्बची नळी तशीच, मऊ पडण्याच्या त्या 60 अंशांच्या वर गरम करून साच्यात फुगवलेली. साखळ्या परिघाच्या दिशेने वळल्या आणि त्याच पॉलिमरला चिवटपणा आला. पुढे लेसरने जाळी कापायची. तीही अशी की कडेला वितळ होऊ नये, नाहीतर कमावलेली रचना कडेपासून विस्कटते. पीएलएलए एक्स-रेत दिसत नाही, म्हणून दोन्ही टोकांना प्लॅटिनमचे ठिपके. वरून पॉली-डीएल-लॅक्टाइडचा लेप, त्यात एव्हरोलिमस हे औषध. डीएल जातीत आरशातल्या प्रतिमांसारख्या उजव्या-डाव्या घटकांची सरमिसळ असते, त्यामुळे स्फटिक बनत नाहीत आणि लेप लवकर विरतो. औषधाचा बहुतांश भाग पहिल्या महिनाभरात सुटतो.

त्यानंतर क्रिम्पिंग, म्हणजे जाळी फुग्यावर आवळणं. धातू खोलीच्या तापमानाला मुकाट आवळला जातो. हे काम गरम करून, सावकाश करावं लागतं. अमेरिकेतल्या कॅल्टेक या संस्थेच्या ज्युलिया कॉर्नफील्ड यांच्या गटाने ॲबटच्या लोकांबरोबर या जाळीचे अगदी पातळ काप एक्स-रेखाली पाहिले आणि 2016 व 2018 मध्ये निष्कर्ष मांडले. जाळीतल्या यू आकाराच्या वळणावर आवळताना आतली बाजू दाबली जाते, बाहेरची ताणली जाते. त्यामुळे शंभर-दीडशे मायक्रॉनच्या अंतरात एकाच पॉलिमरच्या निरनिराळ्या रचना शेजारी शेजारी तयार होतात. ती सरमिसळच जाळीला न मोडता उघडू देते आणि पाण्याचा मारा सुरू झाल्यावरही ताकद टिकवून धरते. क्रिम्पिंग ही आपल्याकडे पॅकिंगची पायरी समजली जाते. इथे पदार्थ निम्मा तिथे घडला होता.

शेवटी निर्जंतुकीकरण. ऑटोक्लेव्ह बाद, 121 अंशांच्या वाफेत ही जाळी डॅशबोर्डवरच्या होल्डरसारखी मान टाकेल, शिवाय वाफ म्हणजे पाणी. विकिरण वापरलं तर साखळ्या तुटून रेणुभार आणखी खाली येतो. म्हणून सुरुवातीलाच तो एवढा जास्त ठेवायचा, की सगळी वजाबाकी होऊन शेवटी हवा तेवढा उरेल.

प्रक्रियेने काय फरक पडतो त्याचा पुरावा पहिल्याच आवृत्तीत आहे. 2006 मध्ये 30 रुग्णांवर पहिली चाचणी झाली, न्यूझीलंडचे जॉन ऑर्मिस्टन आणि रॉटरडॅमचे पॅट्रिक सेराइस यांच्या पुढाकाराने. तो माल उणे 20 अंशांवर साठवावा लागे, नाहीतर आवळलेली जाळी स्वतःच सैलावायची. आणि सहा महिन्यांनी नसेत पाहिलं तर स्कॅफोल्डचं क्षेत्रफळ सुमारे 12 टक्क्यांनी आक्रसलेलं. आधार लवकर सुटत होता. दुसऱ्या आवृत्तीत जाडी तीच ठेवून जाळीचा नमुना आणि प्रक्रिया बदलली. आधार जास्त टिकला, आणि माल कपाटात ठेवता येऊ लागला. पॉलिमर तेच!

तीन घड्याळं

पीएलएलएच्या आत तीन घड्याळं चालतात आणि ती एकमेकांशी जुळत नाहीत. पहिलं रेणुभाराचं, ते शरीरात गेल्या दिवसापासून पळतं. दुसरं ताकदीचं, ते काही काळ थांबल्यासारखं दिसतं आणि मग घसरतं. ॲब्सॉर्बमध्ये हा भरवशाचा आधार साधारण सहा महिन्यांचा. तिसरं वजनाचं, सगळ्यात संथ. तोडलेले तुकडे विरघळण्याइतके छोटे झाल्यावरच पदार्थ बाहेर पडू लागतो, आणि पूर्ण जायला तीन वर्षांच्या आसपास लागतात.

म्हणजे सहाव्या महिन्यापासून तिसऱ्या वर्षापर्यंत नसेत अशी एक जाळी असते जी नीट आधार देत नाही आणि गेलेलीही नसते. जाहिरातीत 'आधार देतो' आणि 'नाहीसा होतो' ही दोन वाक्यं लागोपाठ यायची. दोन वाक्यांमधल्या अडीच वर्षांबद्दल फारसं कोणी बोलत नव्हतं.

घाव त्याच काळात पडले.

आकडे

अमेरिकेतली मान्यता ज्या चाचणीवर मिळाली ती ॲब्सॉर्ब-3. 2008 रुग्ण, दर तिघांपैकी दोघांना ॲब्सॉर्ब, एकाला झायन्स. एका वर्षात त्या जागेशी संबंधित अपयश, म्हणजे हृदयमृत्यू, त्या नसेमुळे आलेला झटका किंवा पुन्हा करावी लागलेली प्रक्रिया, ॲब्सॉर्बमध्ये 7.8 टक्के आणि झायन्समध्ये 6.1. स्टेंटमध्ये गुठळी 1.5 विरुद्ध 0.7. तरीही चाचणी 'यशस्वी', कारण प्रश्न 'जास्त चांगला आहे का' असा नव्हताच. 'साडेचार टक्के-अंकांहून जास्त वाईट नाही ना' असा होता. धातूचा अपयशाचा दर सहाच्या घरात असताना साडेचारची सूट मला तेव्हाही सढळ वाटली होती. त्यामागचा हिशेब असा की पहिलं वर्ष बरोबरीत काढलं तर फायदा पुढच्या वर्षांत दिसेलच.

पुढच्या वर्षांत उलटं दिसलं. युरोपातल्या ॲब्सॉर्ब-2 या 501 रुग्णांच्या चाचणीचे तीन वर्षांचे निकाल 2016च्या शरद ऋतूत आले. सगळ्या कल्पनेचा गाभा असलेली कसोटी तिच्यात होती: नस सैल करणारं नायट्रेट दिल्यावर ती किती रुंदावते? ॲब्सॉर्बच्या नसा 0.047 मिलिमीटरने रुंदावल्या, धातूच्या 0.056 ने. पिंजऱ्यातून सोडवलेली नस पिंजऱ्यातल्या नसेइतकीच हलली. शिवाय आतली पोकळी ॲब्सॉर्बमध्ये 0.37 मिलिमीटरने कमी झाली, धातूत 0.25 ने. सुरुवातही मागूनच झाली होती: बसवतानाच ॲब्सॉर्बने नस 1.15 मिलिमीटर उघडली होती, झायन्सने 1.46.

मग मार्च 2017. ॲब्सॉर्ब-3चे दोन वर्षांचे आकडे आले, 11 टक्के विरुद्ध 7.9, आणि अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधं-उपकरणांना मान्यता देणाऱ्या सरकारी संस्थेने, डॉक्टरांना सावधगिरीचं पत्र पाठवलं. त्याच महिन्यात ॲम्स्टरडॅमच्या आयडा चाचणीच्या डॉक्टरांनी आपले निकाल मुदतीआधी जाहीर केले, कारण देखरेख समितीला ते दाबून ठेवणं पटेना. 924 जणांना ॲब्सॉर्ब, 921 जणांना झायन्स. गुठळी 31 जणांत विरुद्ध 8 जणांत. हे आकडे मी बसमध्ये फोनवर वाचले आणि मामांना फोन लावला. "तुमचा धातूचाच आहे ना, नक्की?" ते म्हणाले, "तूच होतास की तिथे."

भारतात योगायोगाने फेब्रुवारी 2017 मध्येच स्टेंटच्या किमतींवर मर्यादा आली होती, आणि त्या आदेशात विरघळणारा स्टेंट औषधी धातूच्या स्टेंटबरोबर एकाच खान्यात बसवला गेला: 29,600 रुपये. तोवर तो लाखाच्या वर विकला जात होता. कंपन्यांनी आरडाओरड केली की नव्या तंत्राची कदर नाही. महिन्याभरात आलेले आकडे पाहता सरकारी कारकुनाच्या त्या एका ओळीला दाद द्यावी लागेल, भले ती त्याने दुसऱ्याच कारणासाठी लिहिली असेल.

गुठळी का झाली

पहिलं कारण जाडी. अडीच मिलिमीटरच्या नसेत दोन्ही बाजूंना 157 मायक्रॉनचं पूर्ण कडं बसलं असं धरलं, तर उरलेला व्यास 2.19 मिलिमीटर, म्हणजे क्षेत्रफळात 23 टक्क्यांहून जास्त घट. 81 मायक्रॉनला तीच घट साडेबारा टक्के. प्रत्यक्षात कडं सलग नसतं आणि काड्या भिंतीत थोड्या रुततात, म्हणून हे फक्त अंदाजापुरतं. पण लहान नसेला जाडीची शिक्षा किती होते ते यातून कळतं. त्यात काड्या चौकोनी छेदाच्या. ओढ्यात मोठा धोंडा असला की त्याच्या मागे पाणी गरगरतं आणि तिथे पालापाचोळा साठतो, तसं उंच काडीच्या मागे रक्त रेंगाळतं. चाचणीत 2.25 मिलिमीटरपेक्षा बारीक नसा घ्यायच्याच नव्हत्या, पण डोळ्यांच्या अंदाजाने काही आल्या. ॲब्सॉर्ब-3 मध्ये त्या गटात पहिल्याच वर्षी गुठळीचं प्रमाण 4.6 टक्के निघालं, धातूत 1.5. मामांची नस या सीमेला किती जवळ होती, ते मला हा आकडा वाचल्यावर उमगलं.

दुसरं कारण बसवण्याचं. धातूचा स्टेंट थोडा लहान पडला तर मोठ्या फुग्याने ताणता येतो. ॲब्सॉर्ब ठरलेल्या मापाच्या अर्ध्या मिलिमीटरपलीकडे ताणला की काडी तुटायची. फुगा फुगवायचा तोही दर पाच सेकंदांनी दोन ॲटमॉस्फिअर दाब या बेताने, कारण काचेच्या अवस्थेतल्या साखळ्यांना सरकायला वेळ लागतो. अँजिओप्लास्टी होते त्या कॅथ लॅबमध्ये धातूच्या सवयीचा हात पेडल मारल्यासारखा दाब देतो. म्हणून मग सूत्र आलं: आधी नस नीट तयार करा, माप अचूक घ्या, शेवटी जास्त दाबाने पुन्हा फुगवा.

तिसरं कारण मधल्या अडीच वर्षांचं. एक वर्षानंतर गुठळी झालेल्या 36 रुग्णांच्या नसा आतून प्रकाशाच्या कॅमेऱ्याने पाहिल्या गेल्या; हा अभ्यास 2017 मध्ये आला. सगळ्यात जास्त, 42 टक्के ठिकाणी, जाळी विस्कळीत होऊन तिच्या काड्या पोकळीत आलेल्या आढळल्या. काड्या तुटणं ठरलेलंच होतं. विरघळायचं तर आधी तुटायलाच हवं. पण तोपर्यंत काडीवर पेशींचं आवरण चढून ती भिंतीत गाडली गेलेली असायला हवी. जिथे काडी सुरुवातीपासून भिंतीला टेकलेलीच नव्हती, किंवा आवरण पुरतं चढलं नव्हतं, तिथे परांचीचा बांबू रस्त्यात आडवा झाला.

यावरून दोन पक्ष पडले. एक म्हणत राहिला की डॉक्टरांनी नीट बसवलं नाही, स्टेंट ठीक होता. दुसरा म्हणाला कल्पनाच फसवी. पहिल्या पक्षात तथ्य आहे. तंत्र सुधारल्यावर सुरुवातीचे निकाल सुधारले. तरी मी त्यांच्या बाजूने पूर्ण जाणार नाही. मोल्डिंगमध्ये जो माल एका अंशाने तापमान चुकलं तरी बिघडतो, त्याला आपण 'चांगला माल, वाईट ऑपरेटर' म्हणत नाही. प्रोसेस विंडो, म्हणजे चूक खपून जाण्याची जागा, अरुंद आहे म्हणतो, आणि ते मालाच्या खात्यात लिहितो. ॲब्सॉर्बची विंडो पीएलएलएच्या स्वभावाने अरुंद होती. शिवाय समोर झायन्स होता. दहा वर्षं आधी, जाड काड्यांच्या धातूच्या स्टेंटसमोर तो उभा राहिला असता तर निकाल एवढा एकतर्फी दिसला नसता.

कंपनीने बंद करताना कारण दिलं ते विक्री कमी असल्याचं. तेही खरंच होतं. तिच्या स्टेंट विक्रीत त्याचा वाटा एक टक्क्याहून कमी उरला होता.

तीन वर्षांनंतर

एक गोष्ट बातम्यांत आली नाही, कारण तोवर स्टेंट बाजारात नव्हता. ॲब्सॉर्ब-3चे रुग्ण पाच वर्षांपर्यंत पाहिले गेले. पहिल्या तीन वर्षांत ॲब्सॉर्ब मागे पडला, आणि तिसऱ्या ते पाचव्या वर्षात दोन्ही गटांत नव्या घटनांचा वेग सारखा झाला. वजनाचं घड्याळ जिथे संपायला हवं होतं, तिथेच जादा धोकाही संपला. जाळी गेली, त्रास गेला. मूळ कल्पनेचं एवढं देणं मान्य करायला हवं, जरी ते पाहणं बऱ्याच जणांना फार महागात पडलं.

पुढच्या लोकांनी जाडीवर काम केलं. वापीच्या मेरिल कंपनीचा मेरेस-100 पीएलएलएचाच, पण काडी 100 मायक्रॉनची आणि औषध सिरोलिमस. त्याला भारतात 2017 मध्ये, म्हणजे ॲब्सॉर्ब गेला त्याच वर्षी, मान्यता मिळाली. ॲबटने तर जागाच बदलली. गुडघ्याखालच्या नसा, विशेषतः मधुमेहींच्या, बंद झाल्या की पायाची जखम भरत नाही आणि गोष्ट बोटं किंवा पाय कापण्यावर येते. त्या नसा लांब, बारीक. तिथे बहुधा फुगा फिरवून परत येतात आणि नस काही महिन्यांत पुन्हा बसते. तिथे 261 रुग्णांवर पीएलएलएचा एस्प्रिट आणि नुसता फुगा यांची तुलना झाली. वर्षभर पाय आणि नस दोन्ही शाबूत राहण्याचं प्रमाण 74 टक्के विरुद्ध 44 टक्के. एप्रिल 2024 मध्ये एफडीएने त्याला मान्यता दिली. औषध तेच एव्हरोलिमस, सांगाडा तोच पीएलएलए. काडी मात्र 99 मायक्रॉनची, आणि समोर या वेळी झायन्स नव्हता.